फ्लूच्या साथीतला ब्रदर

कंपनीच्या दवाखान्यात अकरा वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. चाकणहून कासारवाडीला येताना मी ते बसमध्ये रंगवून सांगतो आणि अख्खी बस हसते. गेल्या पावसाळ्यातल्या साथीचेही सांगतो, पण त्यातला एक हटकून गाळतो. आज तोही सांगणार आहे, राव. लाज वाटतेय, तरी सांगतो.

मी तिथे मेल नर्स. सगळे मला ब्रदर म्हणतात. डॉक्टर मॅडम सकाळी दोन तास येतात, पुढे दिवसभर राज्य माझं!

*

साथ आली तेव्हा मॅडमनी फ्लूच्या कॅप्सूल मागवल्या. आमचे सुपरवायझर काळोखे नाना चाकणजवळच्याच गावचे. त्यांनी विचारलं, "ही गोळी जंतू मारती व्हय?"

"मारत नाही, नाना," मॅडम म्हणाल्या. "फ्लूचा विषाणू आपल्या पेशीत शिरतो आणि तिथे स्वतःच्या कॉप्या काढतो. त्या बाहेर पडून दुसऱ्या पेशी पकडतात. ही गोळी त्यांना बाहेर सुटू देत नाही."

"म्हंजी प्रॉडक्शन चालू, डिस्पॅच बंद!"

"अगदी! पण गोळी पहिल्या दोन दिवसांत सुरू व्हायला हवी. नंतर उपयोग कमी होत जातो."

"बराबर हाय. गाड्या गेल्याव गेट लावून काय करायचं?"

सगळे हसले. मीही हसलो. आदल्याच दिवशी मी चौघांना छातीठोकपणे सांगितलं होतं, की ही गोळी विषाणूला जागच्या जागी मारते. मी खाली मान घालून रजिस्टर लिहायला घेतलं.

*

मग आला बीडचा दत्तू. मॅडमनी त्याला दहा कॅप्सूल लिहून दिल्या. रोज दोन, पाच दिवस. तिसऱ्या दिवशी दत्तू पुन्हा दारात, तापाने फणफणलेला.

"गोळ्या घेतल्यास ना?"

"घेतली की एक!"

"आणि बाकीच्या?"

"लाइनवर वाटल्या. डबा वाटून खातो आपण, ब्रदर. औषध एकट्यानं कसं खावं?"

आठ जणांनी एकेक कॅप्सूल चहाबरोबर गिळली होती! हा किस्सा बसमध्ये फार चालतो. फक्त एक गोष्ट मी तिथे सांगत नाही. रोज किती, किती दिवस, हे पाकिटावर लिहायचं काम माझं होतं. मी ते कोरंच दिलं होतं.

नवव्याने कॅप्सूल गिळली नाही, मला परत आणून दिली. तो सांगवीचा गौतम सोनवणे. मोजकं बोलणारा. म्हणाला, "ब्रदर, शीतलला सातवा महिना आहे. मला ताप आला तर काय करायचं?"

गरोदर बाईला फ्लू जड जाऊ शकतो, हे मला चांगलं माहीत होतं. मी म्हटलं, "अंग तापलं की तडक माझ्याकडे ये. मी त्याच क्षणी मॅडमना फोन लावतो." त्याच्या चेहऱ्यावरचं टेन्शन उतरलं. मला माझंच कौतुक वाटलं.

*

दोन दिवसांनी ॲडमिनचे साहेब आले. ताप, डोळ्यांमागे दुखणं. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "ती फ्लूची गोळी काढ."

मॅडमना विचारायला हवं होतं. पण साहेब ना! मी उभा राहून अख्खी पट्टी दिली, वर पाण्याचा ग्लासही धरला.

साहेबांना निघाला डेंगी! तोही विषाणूच, पण त्याच्यापुढे ही कॅप्सूल काय करणार? मॅडमनी विचारलं, "पट्टी कोणी दिली?" मी म्हटलं, "साहेबांनीच घेतली, मॅडम." साहेब तेव्हा सलाइनवर होते, त्यामुळे माझं खोटं पचलं.

*

आता गाळलेला किस्सा.

त्या दिवशी कस्टमरचं ऑडिट होतं. नानांनी सकाळीच बजावलं होतं, "आज कुणाला घरी सोडायचं न्हाई." त्यात आदल्या दिवशी एकाने काखेत गरम चहाचा कप धरून मला ताप दाखवला होता, त्यामुळे माझं डोकं आधीच फिरलेलं.

दुपारी गौतम आला. "ब्रदर, अंग फुटतंय. सकाळी तापाची गोळी घेऊन आलोय. शीतललाही कणकण आहे."

थर्मामीटर नव्व्याण्णव म्हणाला. गोळीने ताप उतरलेला असणार, हे कुठल्याही नर्सला कळतं. मी मात्र बाकड्यावरच्या पाच जणांकडे बघत म्हणालो, "ऑडिटच्या दिवशी बरा ताप येतो रे! आणि बायकोला कशाला मध्ये आणतोस?"

पाचही जण हसले. गौतम वळला. हाफ डे टाकून निघून गेला. मी मॅडमना फोन केला नाही. खरं सांगतो, दिलेला शब्द मला आठवलासुद्धा नाही.

चौथ्या दिवशी नाना म्हणाले, "गौतमची बायको ॲडमिट हाय. दम लागतोय तिला."

पुढचे आठ दिवस मला जेवण गेलं नाही. हॉस्पिटलच्या गेटपर्यंत दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा परत फिरलो. तिथून गेलेल्या लोकांकडून कळलं, की गौतमने तिला त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं होतं. औषध वेळेत सुरू झालं, म्हणून निभावलं.

*

मुलगी झाली. नामकरणाला गौतमने मला बोलावलं. माफीची चार वाक्यं पाठ करून मी सांगवीला गेलो.

बुद्धवंदना झाली, मुलीचं नाव ठेवलं. गौतमला बाजूला घेणार, तेवढ्यात त्याची आई माझ्यासमोर आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. "हेच का ते ब्रदर?" मग सगळ्या पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "यांनीच गौतमला कंपनीतून घरी पाठवलं बरं का! म्हणाले, बायकोला आजच्या आज दवाखान्यात ने, उद्यावर ढकलू नको. गौतमनं सगळं सांगितलंय आम्हाला."

शीतलने मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं. मी गौतमकडे बघितलं.

तो वाटी पुढे करत म्हणाला, "खीर घ्या, ब्रदर."