माळ माझ्या मुठीत होती

हिंदुराव गेल्याचा फोन त्याच्या मुलाचा, अभिजितचा आला, तेव्हा मी दुकानात तूरडाळीची पोती उतरवून घेत होतो. "आण्णाकाका, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. आणि मी, समोर हमाल उभे असताना, ओरडलो, "जाणारच होता गाढव!" माणूस गेल्याचं ऐकून कुणी असं बोलतं का? पण मला दुःखाआधी त्याचा राग आला. दीड महिना झाला, अजून तो पुरता उतरलेला नाही.

आमची दोस्ती सांगलीच्या बोर्डिंगातली. तो कडेगावकडचा, उसवाल्या घरातला, पुढं फौजेत हवालदार झाला. मी आष्ट्याच्या जैन दुकानदाराचा पोरगा. सुट्टीवर आला की आधी माझ्या दुकानाच्या कट्ट्यावर, मग घरी. खाण्याचा भारी शौकीन, त्यात मासा म्हणजे जीव की प्राण. अभिजित सहा वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला. मिरजेच्या दवाखान्यात पोरगं चार दिवस डोळे उघडेना. तिथल्या जिन्यात हिंदुरावानं माझ्यादेखत हात जोडले, "पांडुरंगा, पोरगं उठू दे. तुझी माळ घालतो, मरंस्तवर मासा-मटणाला शिवणार न्हाई." पोरगं उठलं. त्याच आठवड्यात ह्याच्या गळ्यात तुळशीची माळ आली. माळ कशासाठी घातली, हे मात्र त्यानं पोराला कधी सांगितलं नाही. "त्याच्या डोक्यावर कशाला वझं?" म्हणायचा.

अभिजित शिकला, इटलीत नोकरीला लागला. तीन वर्षांपूर्वी त्यानं बापाला तिकडं बोलावलं. बायको वारलेली, एकटा कसा जाणार, म्हणून हिंदुरावानं मलाही ओढलं. एका रविवारी अभिजितनं आम्हाला समुद्राकाठच्या खेड्यात जेवायला नेलं. हॉटेल कसलं, वाळूत रोवलेले चार खांब, वर बोरूचं छप्पर आणि डुगडुगणारी टेबलं. म्हातारा कोळशावर मासे भाजतोय, म्हातारी वाढतेय. शिंपल्यांचं पातेलं आलं, मागनं आख्खा भाजलेला मासा, वर नुसतं मीठ, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. माझ्यापुढं पाव नि टोमॅटो. माझी कीव येऊन म्हातारी सारखी आणखी एक टोमॅटो ताटात टाकून जायची. "बाबा, माळ आजच्या दिवस काढून ठेवा," अभिजित म्हणाला. "का घातलीत तेही कधी सांगत नाही. माझ्यासाठी एकदा खा." हिंदुरावानं माझ्याकडं बघितलं... मी म्हणालो, "खा रं. एका दिवसानं काय होतंय?"

हे वाक्य माझं. दुसऱ्या कुणाचं नाही.

त्यानं माळ काढली आणि टेबलाखालून माझ्या मुठीत दिली. मग असा आडवा हात मारला म्हणता! काटे चोखले, बोटं चाटली, तिसऱ्यांदा मागून घेतलं, आणि भाषेचा गंध नसताना म्हाताऱ्याला "लय भारी, मामा!" म्हणून टाळी दिली. अभिजित बघतच राहिला. मी मात्र मूठ आवळून बसलो होतो.

घरी परतल्यावर, तिकडं अभिजितला साधी सर्दी झाली तरी नवस मोडल्याच्या धास्तीनं ह्याची झोप उडायची. गेल्या दिवाळीनंतर त्याचंच पोट दुखायला लागलं. सांगलीच्या डॉक्टरांनी गाठ आहे म्हणून सांगितलं, ऑपरेशन केलं तर आशा आहे म्हणाले. बाहेर आल्यावर हा पठ्ठ्या हसला. "सुटलो गड्या. आलं ते माज्यावर आलं, पोरावरचं टळलं."

"अरे मूर्खा, ऑपरेशन करून घे."

"आन् बरा झालो तर? ते परत पोराकडं वळंल."

मी शिव्या घातल्या, हातापाया पडलो. अभिजितला कळता कामा नये, अशी त्यानं उलट मलाच शपथ घातली. आणि मी गप्प बसलो. 'खा' म्हणणाऱ्यानं कुठल्या तोंडानं बोलायचं? अभिजितला कळलं तेव्हा डॉक्टरांच्याही हातात काही उरलं नव्हतं.

तेराव्यानंतर अभिजित माझ्या दुकानात आला. मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "नवसाचं मला माहीत होतं, आण्णाकाका. आईनं जायच्या आधी सांगितलं होतं. म्हणूनच तर मासा मागवला. माझ्यापायी त्यांनी जन्मभर तोंड बांधून का राहायचं? वाटलं, आपणच सोडवावं..." बापानं पोरापासून लपवलं, पोरानं बापापासून, आणि मी दोघांच्या मध्ये बसून टोमॅटो खात होतो. एकानं तरी तोंड उघडलं असतं! हे लिहू का, असं मी त्याला विचारलं. "लिहा," म्हणाला.

हिंदुराव रोज संध्याकाळी पाचला, तिकडं दुपारच्या जेवणाची वेळ झाली की, अभिजितला फोन करायचा. एक दिवस चुकवला नाही. आता पाचला माझा फोन वाजतो. "आण्णाकाका, कुठं काही दुखत नाही ना? खरं सांगा."

परवा माझ्या जिभेवर 'काही नाही रे' आलं होतं. गिळलं ते. म्हटलं, "दुखतंय बाबा. छातीत, डाव्या बाजूला."

इटलीत इतकी वर्षं राहिलेला तो पोरगा थेट बापासारखा खेकसला, "कवापासनं?"