पेवातलं ट्रायक्लोर

हरिपुरातलं आमचं हळद साठवायचं जमिनीखालचं पेव त्या उन्हाळ्यात रिकामं होतं. सांगलीत मी कामाला होतो त्या कारखान्यातलं ट्रायक्लोरचं पिंप त्यात ठेवायची अक्कल माझीच. लढाईचे दिवस. लष्करासाठी केलेले तेलकट सुटे भाग ट्रायक्लोरच्या उकळत्या वाफेत टांगले की स्वच्छ, कोरडे निघत. क्लोरीनपासून बनवलेलं ते औषध बोटीनं विलायतेहून येई आणि इथल्या उन्हात उडून जाई. मिस्त्री हवालदिल झाला होता. पेवात गारवा असतो, असं मी छाती फुगवून सांगितलं.

महिन्याभरानं पिंप काढायचं ठरलं. थोरला भाऊ पलटणीतून रजेवर आला होता, तोच उतरायला निघाला. "पेटत न्हाई ते दादा, भ्यायचं काय?" मीच म्हणालो.

आमच्या वडिलांनी, आबांनी, रिवाजाप्रमाणे आधी कंदील खाली सोडला. पेवातली हवा खराब असली की दिवा विझतो. आमचा कंदील छान जळत राहिला. दादा दोराला धरून उतरला.

"लय ग्वाड वास हाय रं," तो खालून म्हणाला. मग हसायला लागला. मग त्याची जीभ जड झाली.

तेव्हा माझं टाळकं ठिकाणावर आलं. पिंप गळलं होतं. ती वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचते आणि दिवा विझायच्या कितीतरी आधी माणसाला गुंगवते. कारखान्यात ट्रायक्लोरच्या टाकीत वाकतो म्हणून मिस्त्रीच्या शिव्या मी रोज खात होतो. पण ते शहाणपण कारखान्याच्या फाटकातच ठेवून घरी यायची माझी सवय.

आबा उतरायला धावले. मी त्यांच्या कमरेला मिठी घातली. "आवं, तुमीबी पडशीला!" त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. मी सोडलं नाही. खाली दादा बसकण मारून पुटपुटत होता. पिंप ओढायला दोराला केलेला फास त्याच्या तोंडापुढं लोंबत होता, पण हाका त्याला ऐकूच जात नव्हत्या. शेवटी मी हवालदारासारखा गरजलो, "जवान, खडे हो जाव! रस्सी बगल में!"

तो उठला. डुलत डुलत त्यानं फास काखेत घेतला. आम्ही दोघांनी त्याला वर ओढला.

तो भडाभडा ओकला आणि श्वास घेऊ लागला. त्याची छाती चोळता चोळता आबा माझ्याकडं बघून रडले. "पोरा, तू हुतास म्हणून वाचला त्यो."

वाफेचं मला आधीपासून ठाऊक होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. आबा गेले तेव्हाही नाही.