काकांच्या टी-शर्टचं माप

शिवणाऱ्या बायकांकडे चिंध्या आणि किस्से साठतच जातात, कारण दोन्ही टाकवत नाहीत! बिबवेवाडीत नलूकाकूंच्या हॉलमध्ये आम्ही तिघी दुपारी शिवायला जमतो: काकू, शबाना आणि मी. काकांना पक्षाघात झाला आणि उजवा हात वर होईना. मग डोक्यातून टी-शर्ट घालणार कसा? म्हणून काकूंनी खांद्यावर उघडणारे टी-शर्ट घरीच शिवायला घेतले. जन्मभर ब्लाउज शिवले, पण हे ताणलं जाणारं होजिअरीचं कापड त्यांना नवीनच होतं.

* * *

पहिल्या टी-शर्टला काकूंनी कापड ओढून ओढून टीप मारली. खालची कड झालरीसारखी झाली. काकांना तेव्हा जेमतेम एखादा शब्द बोलता यायचा. त्यांनी कड निरखून बघितली आणि म्हणाले, "फ्रॉक?"

आजारपणानंतर त्या घरात आम्ही पहिल्यांदा हसलो.

* * *

मशीन टाके सोडायला लागलं म्हणून दुकानात गेलो.

"होजिअरीला बोथट टोकाची सुई लागते," दुकानदार म्हणाला.

"मागच्या वेळी सांगितलं नाहीत!"

"विचारलं नव्हतंत."

काकूंनी टी-शर्ट कोणासाठी आहे ते सांगितलं. मग तो बराच वेळ सुया शोधत राहिला. सुया समोरच होत्या.

* * *

शबानाने एकदा कापड आडवं ठेवून कापलं. टी-शर्ट रुंदीला ताणला जाईना, लांबीला मात्र ओघळत काकांच्या गुडघ्यापर्यंत आला!

"छान," काकू म्हणाल्या, "आता पायजमा शिवायला नको."

* * *

पुढे टी-शर्ट सैल पडायला लागले. "कापडच वाईट. धुतलं की वाढतं," काकू म्हणायच्या. आम्हीही हो म्हणायचो. खरं तर काकांना घास गिळवत नव्हता, दर महिन्याला ते वाळत चालले होते. छातीचं माप उतरलं की काकू त्या दिवशी जेवायच्या नाहीत. आग्रह केला तर, "पोट बिघडलंय गं." मला भडभडून यायचं, पण त्यांच्यासमोर रडायचं कसं?

* * *

परवा काकू माप घ्यायला काकांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. छातीवरून टेप फिरवून आकडा त्या मागूनच वाचतात. मी वही घेऊन समोर बसले होते. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि डावा हात हळूच टेपखाली सरकवला, अख्खी मूठ.

"छत्तीस!" काकू ओरडल्याच. "अगं, मागच्या वेळेएवढंच आहे! शबाना, ताटं घे गं!"

काका माझ्याकडेच बघत होते.

मी छत्तीस लिहिलं.