सिरवार्दकाकूंनी गिळलेला राग

वारदावारच्या, म्हणजे एकमेकांना भिजवायच्या सणाच्या, सकाळी दुसऱ्या मजल्यावरून मी बादलीभर पाणी ओतलं ते खाली उभ्या तातुलवर. सणाच्या दिवशी नवरदेव कोरडा फिरणं बरं नव्हे, एवढाच माझा सद्हेतू. तातुल ऐनवेळी वाकला आणि पाणी थेट त्याच्या आईच्या भट्टीत गेलं. जमिनीत पुरलेली ती रोट्या भाजायची मातीची भट्टी आधी फुसफुसली, मग गुरगुरली, मग राखेचा ढग सोडून कायमची गप्प झाली. ढगातून सिरवार्दकाकू बाहेर आल्या. डोळे तेवढे ओळखीचे.

काकूंनी तोंड उघडलं. अख्ख्या अंगणानं श्वास रोखला. पण वारदावारला कुणी भिजवलं तर रागवायचं नसतं. आमच्या आर्ताशातमध्ये धर्मगुरूसुद्धा निथळत निथळत हसतात. काकूंनी तोंड मिटलं. राग त्यांच्या गळ्यातून खाली उतरताना मी वरून स्वच्छ पाहिला.

"सण सुखाचा जावो, मुशेघ-जान," त्या म्हणाल्या. इतका गोड आवाज वीस वर्षांच्या शेजारात मी ऐकला नव्हता. मी बादली पाठीमागे लपवली.

कारण बाई साधी नव्हे. काकूंचं माहेर जुन्या आर्ताशातच्या, त्या प्राचीन राजधानीच्या, टेकड्यांना खेटून. "तुमच्या शहरानं नुसतं नाव उचललंय. राजधानी माझ्या माहेरी आहे," हे त्या लग्न होऊन आल्या दिवसापासून ऐकवतात. तरुणपणी तिथल्या उत्खननावर मातीनं भरलेल्या पाट्या वाहायच्या. एकदा दोन हजार वर्षांपूर्वीची भट्टी सापडली. प्राध्यापक नाचायचेच बाकी होते. काकूंनी आत डोकावून निकाल दिला, "लिंपण कच्चं आहे. बाई आळशी होती."

आणि आज चार वाजता वरात यायची होती. सून उंबऱ्यावर आली की सासूनं जोडप्याच्या खांद्यांवर आपल्या हातचा लवाश, ती उपरण्याएवढी पातळ रोटी, घालायची. भिजलेली भट्टी काही आज तापणार नव्हती.

"दुकानातून आणू?" तातुल पुटपुटला.

"आण की. माझ्या शवपेटीवर घाल."

मी चोरासारखा खाली आलो. "काकू, माळ्यावर तुमचा मागच्या हिवाळ्यातला वाळवलेला लवाश असेल ना?"

"नव्या सुनेला शिळं?"

"हात तर तुमचाच!"

काकूंनी मला भट्टीत घालायच्या लाकडासारखं न्याहाळलं. मग म्हणाल्या, "बादली घे. तुझीच."

पापडासारखा कडकडीत वाळलेला लवाश त्यांनी फडक्यावर पसरला. बाहेर गल्लीत लोक पिंपं उपडी करत होते, आणि मी बोटांच्या टोकांनी थेंब थेंब शिंपडत होतो.

"शिंपड म्हटलं, आंघोळ नको घालूस!"

फडक्याखाली अर्धा तास गेला आणि लवाश रेशमासारखा मऊ झाला. काकूंनी एक उचलून गालाला लावला.

चार वाजता नवी सून नाझेली आली. गल्लीनं तिला डोक्यापासून टाचांपर्यंत भिजवलं होतं, आणि हसून हसून तिला उंबरा दिसत नव्हता. काकूंनी दोघांच्या खांद्यांवर लवाश घातला. येरेवानहून आलेल्या विहीणबाईंनी तो चिमटीत धरून पाहिला. "अगदी आजचाच दिसतोय!"

"आजच झोपेतून उठलाय," काकू म्हणाल्या.

तुतीच्या दारूचे तीन पेले पोटात गेल्यावर मला धीर आला. काकूंच्या शेजारी सरकून मी म्हटलं, "शेवटी पाण्यानंच लाज राखली की नाही, काकू? म्हणजे आता माझ्यावर राग नाही ना?"

"आज वारदावार आहे. उद्या ये."