ताटलीतली भुकटी

माझी धाकटी बहीण कुडपणला दिलेली. लहानपणी पेनिसिलिनच्या इंजेक्शनने ती मरता मरता वाचली होती. त्यामुळे कुठल्याही दवाखान्यात गेलं की हिला पेनिसिलिन चालत नाही, हे आम्ही आधी सांगायचो. तापासाठी ती पोलादपुरात माझ्याकडे आली, तेव्हा डॉक्टरांनाही मी तेच सांगितलं. त्यांनी तापाच्या साध्या गोळ्या दिल्या. बाहेर औषधं देणाऱ्या मावशींनी त्या डब्यातून ताटलीत ओतल्या, पट्टीने सारून मोजल्या आणि कागदाच्या पुडीत बांधल्या.

घरी तिने चहाबरोबर एक गोळी घेतली. थोड्याच वेळात ती तळहात खाजवू लागली. मग ओठ सुजले.

"ताई, घसा आवळतोय गो," ती म्हणाली. पुढे शब्दच फुटेना.

शेजाऱ्याच्या रिक्षात मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. श्वासाची शिट्टी वाजत होती. बाजारात टेम्पो आडवा. मी उतरून त्याच्या पत्र्यावर हात आपटत राहिले. परत आत वाकले तर शिट्टीही ऐकू येईना.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी रिक्षातच तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं.

"काय खाल्लं हिने?"

"तुमचीच गोळी."

"त्यात पेनिसिलिन नाही, बाई."

"मग ही अशी का करतेय?"

दुसऱ्या इंजेक्शननंतर तिला श्वास घेता येऊ लागला. अँब्युलन्सची वाट पाहताना डॉक्टरांनी गोळ्यांची ताटली मागवली आणि कडेने बोट फिरवलं. बोटाला भुकटी लागली.

मावशी खाली बघत म्हणाल्या, "सकाळी पेनिसिलिनच्या जातीतल्या कॅप्सूल मोजल्या व्हत्या. एक फुटली. फडक्यानं ताटली पुसली मी."

ते फडकं तिथंच खुंटीला लटकत होतं.

महाडच्या रुग्णालयात पोचल्यावर तिचा चेहरा पुन्हा सुजला. मला वॉर्डाबाहेर काढलं. तिच्या नवऱ्याचा मुंबईहून फोन येत होता. तो मी उचलला नाही. काय सांगणार होते?

ती वाचली. पोलादपूरच्या दवाखान्यात आता पेनिसिलिनच्या औषधांची ताटली आणि पट्टी वेगळी आहे. बाकीच्या ताटल्या प्रत्येक वेळी धुऊन कोरड्या करतात. मी गेले की मावशी न विचारता दाखवतात. मी हो हो म्हणते आणि तिथून निघते.

अलीकडे तिला परत ताप आला. मी पाकीटबंद गोळ्या घेऊन कुडपणला गेले.

"हे बघ, कुणाचा हात लागलेला नाही याला."

"ठेव थितं," ती म्हणाली.

"घे गं. पाया पडते तुझ्या."

तिने भिंतीकडे तोंड केलं. अंग चटके देत होतं. मी कपाळावर ओल्या घड्या बदलत बसले, मध्येच रडले, तिच्यावर ओरडलेही. शेवटी ताप आपला आपण उतरला. गोळी तिने घेतली नाहीच.