स्तुतीला घाबरणारे काँग्रेसमन

काँग्रेसमन स्तुतीला घाबरत. घरमालकिणीने नुसतं 'आज छान दिसताय' म्हटलं, तरी ते चहाचा कप खाली ठेवून विचारत, "बाई, भाडं वाढवताय का?" आम्ही भाडेकरू हसायचो. ते हसत नसत.

ब्रिस्टलच्या त्या घरात ते माझ्या वरच्या खोलीत राहायचे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेले होते. पुढे हरले, इंग्लिश बायकोबरोबर इकडे आले. ती वारली आणि हे उरले. मत मागायची सवय मात्र सुटली नव्हती. बसमध्ये शेजारच्याशी हस्तांदोलन करून त्याच्या मुलांची नावं विचारत, आणि पुढच्या भेटीत ती अचूक सांगत.

इथल्या आमच्या मराठी मंडळातले जुने लोक अजून म्हणतात, त्या म्हाताऱ्याचा पायगुण वाईट. मी ते कधी खोडलं नाही, म्हणून आता लिहितो.

साठच्या दशकातल्या एका गणपतीला मी त्यांना मंडळात नेलं. तिथले खासदार आले होते. आम्ही किती कष्टाळू, किती शांत, शहराचं कसं भूषण, असं बोलले. टाळ्या पडल्या. काँग्रेसमन पांढरेफटक पडले होते. परतताना त्यांनी माझी बाही धरली.

"तुझा भाऊ येणार आहे ना? लगेच बोलव. माझ्या भागातल्या जपानी शेतकऱ्यांची मीही अशीच स्तुती केली होती. मग आशियाच्या लोकांना दार बंद करायला मत दिलं. मतं आधीच मोजून ठरलेली असतात, पोरा, स्तुती नंतर होते."

माझा धाकटा भाऊ वसंता. त्याचा कामाचा परवाना आला होता, पण मुदत थोड्याच महिन्यांची होती. वडिलांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. तो निघायला तयार होता. तरी मीच कळवलं, वर्षश्राद्ध उरकून ये. इथे आपल्याबद्दल मत चांगलं आहे, मुदत वाढवून मिळेल.

काँग्रेसमनच्या त्या जुन्या मताची गोष्ट मी मंडळात गंमत म्हणून सांगितली. मग कुलकर्णी दर वेळी विचारू लागला, "काय रे, तुझा म्हातारा आज कोणाला हाकलतोय?" त्यांना पुन्हा कोणी बोलावलं नाही.

मुदत वाढली नाही. नियम बदलले, नवे परवाने जवळजवळ बंद झाले. वसंता नाशिकलाच राहिला. त्याने मला दोष दिला नाही; हळूहळू पत्रं पाठवणंच सोडलं.

पुढे काँग्रेसमन थकले. बायकोची भाची त्यांना ग्लासगोला न्यायला आली. टॅक्सी दाराशी उभी असताना त्यांनी भावाचं विचारलं. मी खोटं बोललो, त्याला परवानाच नाकारला म्हणालो.

"ज्यांना मी अडवलं, त्यांच्यापैकी कोणाचा भाऊ मला आजवर भेटला नव्हता," ते म्हणाले. "मला माफ करशील?"

भाची घाई करत होती. मी त्यांचा हात हातात घेतला, आणि त्यांना माफ केलं.