विहिरीच्या पाण्यातल्या चकत्या

माझा स्वभाव मुळातच जळका. आज हे सहज सांगतो. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी भांडलो असतो.

सत्तरच्या दशकात सोलापुरात एम.एस्सी. करताना सरांनी मला आणि माझ्या मित्राला एकच विषय वाटून दिला होता: पाण्यात फुगणारं जेल. मी शहरातला, कारकुनाचा मुलगा, बी.एस्सी.ला पहिला आलेला. तो जेऊरकडच्या शेतकऱ्याचा. ज्याचं काम सरस ठरेल त्याचं नाव सर पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधनासाठी सुचवणार होते. जागा एकच होती, आणि ती आपलीच असं मी घरी सांगूनही टाकलं होतं.

काम दिसायला सोपं. काचेच्या नळीत रसायनं तापवली की रेणूंच्या लांबच लांब साखळ्या तयार होत. त्यांना जागोजागी एकमेकींशी बांधणारा दुसरा पदार्थ किंचित घालायचा. मग घट्ट झालेल्या कांडीच्या चकत्या कापायच्या, वाळवायच्या, बाटलीतल्या डिस्टिल्ड पाण्यात सोडायच्या आणि रोज टिपकागदानं अलगद टिपून वजन करायच्या. बांधणारा पदार्थ मी सढळ हातानं घातला. माझ्या चकत्या सुबक आणि टणक झाल्या, पण आठवडाभर पाण्यात बसूनही शर्टाच्या बटणाएवढ्याच राहिल्या. त्याच्या हरभऱ्याएवढ्या चकत्या लिंबाएवढ्या झाल्या.

"तू गाठी लई मारल्यास की," तो म्हणाला. "बाज विणताना सुंभ निस्ता आवळत बसलं तर बाजेची फळी हुती. आन् गाठच न्हाय मारली तर माणूस खाली जातो. जरा ढिली ठिवायची."

पुस्तकातली पाच पानं त्यानं एका बाजेवर बसवली होती. मी फणकारलो, "हे बाजेचं परीक्षकांना सांग जाऊन." सर नेमके मागे उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात फळ्यावर बाज काढली आणि ती कुणाची हेही सांगितलं. माझ्या पोटात जे दुखू लागलं ते कुठल्या औषधानं थांबणारं नव्हतं.

दर शनिवारी तो पॅसेंजरनं गावी जाई. त्या शनिवारी जाताना म्हणाला, "बाटल्यांतलं पाणी उतरलं तर एवढं डिस्टिल्ड घालशील न्हवं?"

रविवारी दुपारी मी प्रयोगशाळा उघडली. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन काठोकाठ भरलेला होता. मी त्याच्या बाटल्यांतलं पाणी ओतून दिलं आणि कॉलेजच्या विहिरीचं भरलं. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, बादलीला पांढरा थर बसे. चकत्यांचं नेमकं काय होईल ते मला ठाऊक नव्हतं. वाईट व्हावं, एवढीच इच्छा होती.

सोमवारी लिंबांची बोरं झाली होती. त्यानं एक चकती उचलून पाहिली. मग बाटलीतलं थेंबभर पाणी काचेवर घेऊन तापवलं. पांढरं कडं उरलं.

"डिस्टिल्ड संपलं हुतं का रं?"

"हो. म्हणून विहिरीचं घातलं," मी म्हणालो. माझा आवाज कापला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

"बरं झालं की," तो म्हणाला आणि वही काढून बसला. महिनाभर त्यानं चकत्या तऱ्हेतऱ्हेच्या पाण्यात सोडल्या: विहिरीच्या, नळाच्या, मिठाच्या. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी चकती कमी फुगते, हे त्याच्या प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण झालं. सर खूश झाले. म्हणाले, "हे जेल उद्या ओल धरायला शेतात घालायचं तर आपल्याकडे पाणी हे असलंच, क्षारांचं." पुण्याला त्याचं नाव गेलं.

प्रबंधाच्या पहिल्या पानावर त्यानं माझे आभार मानले होते: विहिरीचं पाणी घालून या प्रकरणाची सुरुवात करून दिल्याबद्दल. मी चडफडलो. माझ्या पापाचं पुण्यही त्यालाच मिळालं होतं. एकच समाधान होतं, की त्याला काही कळलं नाही.

पुण्याला निघाला तेव्हा मी स्टेशनवर गेलो; न जाणं वाईट दिसलं असतं. गाडी हलायच्या बेतात होती. खिडकीतून त्यानं माझा हात धरला.

"त्या शनवारी कॅन मीच भरून ठिवला हुता," तो म्हणाला. "तुला बोललो न्हाय. लाजला असतास."

गाडी कुर्डुवाडीच्या दिशेनं गेली. पुण्याच्या जागेचा हेवा पुढे दोन-चार वर्षांत विरला. मला नोकरी लागली, घर झालं. पण सगळं माहीत असून त्यानं ते आभार लिहिले, आणि मनापासून लिहिले. त्याच्या जागी मी असतो तर लिहिले नसते. याचा हेवा मला आजही वाटतो.